घाटकोपरहून नागदेवीला, ॲडम्स घेऊन

ओठांवरून जीभ फिरवा. खारट लागलं ना? वारा पूर्वेकडून, खाडीवरून येतोय, आणि मिठागरं ऐन भरात आहेत. १९३६ चा मे संपत आलाय. पाऊस कधीही येईल म्हणून मिठाच्या पांढऱ्या राशी गवताने शाकारायची घाई चाललीय. बायका-पुरुष टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून धावताहेत, त्यांच्या पोटऱ्यांवर मिठाची साय वाळलीय. या गावाच्या नगरपालिकेचं नाव घाटकोपर-किरोळ. मुंबई शहर अजून इथवर पोचलेलं नाही. मधे शेतं आहेत, चिखल आहे, आणि संध्याकाळी ढगासारखे उठणारे डास आहेत.

पाठीला चिकटलेला सदरा सोडवा आणि आबांच्या ओटीवर या. आबा मीठ खात्यातून निवृत्त झालेत. समोर पत्र्याचा डबा आहे, डब्यात तेलाने पिवळी पडलेली फ्लॅनेल आणि फ्लॅनेलमध्ये त्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर. हात पुढे करू नका. आबा आधी उजव्या बाजूचं झाकण अंगठ्याने उघडतील, सिलिंडर एकेक घर फिरवतील आणि पाचही घरं उजेडाकडे धरून तुम्हाला दाखवतील. "रिकामं," ते म्हणतील, आणि मगच तुमच्या तळव्यावर ठेवतील.

वजनाने मनगट खाली गेलं, बरोबर. अक्रोडाच्या मुठीवरच्या बारीक चौकड्या बोटांना टोचताहेत. नळीच्या तोंडाशी अंगठा न्या. जरा खरखरीत लागतंय? तो गंज आहे. खाडीची हवा कपाटात शिरते, डब्यात शिरते, फ्लॅनेलच्या घडीतही शिरते. इथे राहून लोखंड सांभाळायचं म्हणजे रोज त्या हवेशी भांडायचं.

आबांच्या मनात वेगळंच आहे. परवाना आता मुलाच्या नावावर करायचाय. त्याच्या हाती देण्याआधी हत्यार आरशासारखं चकचकीत करून घ्यायचं. आणि जमलं तर ते उजवीकडचं झाकणही काढून टाकायचं, कारण मूळ रिव्हॉल्व्हरला ते नव्हतं असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. "ठिगळ आहे ते," आबा म्हणतात. परवान्याचा कागद कोटाच्या आतल्या खिशात जातो, डबा पिशवीत, आणि तुम्ही दोघं स्टेशनकडे निघता.

गाडी विजेची आहे. कल्याणपर्यंत तारा ओढून झाल्याला फार वर्षं झालेली नाहीत. आबा अजूनही डब्यात चढल्यावर सवयीने खिडकीची फळी खाली ओढतात. कोळशाची कुसळं डोळ्यांत जायची ती सवय. तिसऱ्या वर्गाचं बाकडं उन्हाने तापलंय, धोतरातून चटका बसतो. कुर्ल्याला गिरणीची माणसं चढतात, त्यांच्या केसांत कापसाचे तंतू आहेत. पुढे एक कोळीण टोपली दाराशी ठेवते आणि बोंबलांचा वास अख्ख्या डब्यावर बसतो. परळला भोंगा होतो. तुमच्या गुडघ्याला कुणाचा तरी पितळी डबा लागतोय, मानेवर कुणाचा तरी श्वास. आबांचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर आहेत आणि ते मशीद बंदरपर्यंत तिथून हलणार नाहीत.

मशीद स्टेशनबाहेर जरा थांबा. एका हातगाडीवर लोखंडी पेटी चाललीय आणि मागे दोन पोलीस आहेत. त्यांच्या खांद्यावरच्या बंदुका नीट पाहून घ्या. लष्करी ली-एनफिल्डच वाटतात, पण आतून त्या पार बदलल्यात. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या रायफली घेऊन नळी आतून मोठी आणि गुळगुळीत केली, मोजमाप .४१० केलं, खालच्या मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. आता एका वेळी एकच काडतूस, आणि तेही खास तिच्यासाठी बनवलेलं. तिचं काडतूस लष्कराच्या रायफलीला चालत नाही, रायफलीचं तिला चालत नाही. पोलीस तिला मस्केट म्हणतात. उन्हात उभं राहून हे सांगतोय, कारण आज आपण ज्यासाठी आलोय त्याचं मर्म इथेच आहे. हत्यार कुणाच्या हाती जावं हे ठरवायचं असेल तर हत्यार काढून घ्यावंच असं नाही. काडतूस बदललं की पुरे.

चला. मांडवीकडून येणारा वारा आधी हळदीचा असतो, मग मिरचीचा. डोळे चोळू नका, आणखी झोंबेल. हमाल पाठीवर पोती घेऊन "बाजू, बाजू" करत अंगावरच येतात. बैलांचं शेण, गुळाच्या ढेपांवरच्या माश्या, ओल्या पोत्यांचा आंबूस वास, इराण्याच्या दारातून येणारी चहाची वाफ. मग एकदम वासच बदलतो. वंगण, रॉकेल, नवे कातडी पट्टे, कापलेलं लोखंड. ही नागदेवी. दुकानादुकानांत कानशी टांगल्यात, स्क्रूच्या पेट्या उघड्या पडल्यात, आणि रस्त्यावरच कुणीतरी ऐरणीवर घण घालतंय. तो आवाज कानात नाही, दातांत जाणवतो.

एका अरुंद लाकडी जिन्याने वर चढा. दोर धरा, पायऱ्यांना तेल लागलंय.

वरची खोली भट्टीसारखी तापलीय, आणि कोपऱ्यात खरोखरच कोळशाच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं उकळतंय. मिस्त्री साताऱ्याकडचे शिकलगार आहेत. बापजाद्यांनी तलवारींना पाणी दिलं, धार लावली. यांच्या हाती बंदुका आल्या. ते वर न पाहता म्हणतात, "पाव्हणं, हात पुसा आदी. घामाचा हात लागला की उद्या तितंच गंज धरतोय." चिंधी पुढे येते. पुसा. रंगून तेलाचा जड, किंचित गोडसर वास हाताला लागेल तो दोन दिवस जाणार नाही.

मिस्त्री स्वतः पुन्हा पाचही घरं तपासतात. आबांनी तपासलीत हे त्यांनी पाहिलंय, तरी तपासतात. मग रिव्हॉल्व्हर खिडकीशी नेतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. ते काय बघताहेत ते मी सांगतो, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.

नळी आणि सांगाडा जिथे मिळतात तिथे जोड शोधा. सापडणार नाही. रॉबर्ट ॲडम्स या लंडनच्या कारागिराने १८५१ मध्ये ही रचना काढली, आणि त्याने नळी व सांगाडा एकाच लोखंडातून घडवला. पाच वर्षांनी ब्युमाँट नावाच्या एका लष्करी इंजिनिअरने तिच्यात सुधारणा केली. घोडा अंगठ्याने मागे ओढा किंवा नुसता चाप दाबा, दोन्ही चालतं. तेव्हा हे ठासणीचं हत्यार होतं. प्रत्येक घरात पुढून दारू, तिच्यावर शिशाची गोळी, मागच्या निपलवर तांब्याची टोपी. पावसात टोपी भिजली की बार फुसका. मापही जुन्या हिशोबाचं, ५४ बोअर. म्हणजे एक पौंड शिशातून ५४ गोळ्या होतील एवढं नळीचं भोक. गावाकडची बारा बोअरची बंदूक ऐकलीय ना? तिचा हिशोब हाच, पौंडाला बारा. ५४ बोअर म्हणजे इंचात साधारण .४४२.

आता मागची बाजू पाहा. निपल कुठे आहेत? गेले. १८६८ मध्ये जॉन ॲडम्सच्या पद्धतीने ब्रिटिश लष्कराने ही ठासणीची रिव्हॉल्व्हरं काडतुसांसाठी बदलून घेतली. सिलिंडर आरपार मोकळं झालं, उजवीकडे काडतूस आत सरकवायला झाकण आलं, रिकामं कवच बाहेर ढकलायला छोटी दांडी आली. माप .४५० ठरलं. ब्रिटिश फौजेचं, मधोमध टोपी असलेलं पहिलं रिव्हॉल्व्हर-काडतूस ते हेच. एका दशकात जुनी होऊन मोडीत गेली असती ती हत्यारं आणखी काही वर्षं कामाला आली. आबा ज्याला ठिगळ म्हणतात ते झाकण याच बदलाचा भाग आहे.

मिस्त्री खिडकीपासूनच बोलतात. "आबासाहेब, ह्यो बदल कुना गल्लीतल्या लोहारानं केलेला न्हाई. झाकनाची कड बगा, सांगाड्यात कशी बसलीया. नख घाला. जातंय का?"

आबा नख घालतात. तुम्हीही घाला. जात नाही.

"ह्ये काडलं तर मागं भोक ऱ्हाईल. आनि चाकावर घासलं तर ह्ये जाईल." मिस्त्रींच्या बोटाखाली बारीक ठसे आहेत. लंडनला नळी आणि सिलिंडर जादा दारू भरून तपासतात आणि टिकलं तरच ठसा मारतात. क्रमांकही आहे, आबांच्या परवान्यावरचा तोच. कोपऱ्यात पायाने फिरवायचं घासणीचं चाक आहे, कातडं लावलेलं. त्याच्यावर हे रिव्हॉल्व्हर धरलं तर दुपारपर्यंत आरसा होईल. कोपरे गोल होतील, स्क्रूच्या खाचा पसरट होतील, ठसे अर्धे राहतील.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. आपल्याकडे जुनी वस्तू नीट करणं म्हणजे तिला नवी दिसायला लावणं असंच समजतात. पितळी समया घासून घासून त्यांची नक्षी गेलेली मी पाहिलीय. हत्याराच्या बाबतीत हे अधिक वाईट, कारण माप बदललेलं रिव्हॉल्व्हर आपली सगळी हकीकत अंगावर लिहून ठेवतं. कोणतं काडतूस बाजारात मिळत होतं, कोणतं सरकारने बंद केलं, कुणाला काय बाळगायची मुभा होती, हे त्या झाकणात आणि त्या ठशांत आहे. १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० च्या रायफलींवर बंदी आली, तेव्हा शिकाऱ्यांसाठी विलायती कारखान्यांनी .४७० सारखी नवी मापं काढली. काळ्या घोड्याच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची गिऱ्हाइकं तेव्हापासून ती नवी मापं घेऊ लागली. पुढेही हेच होत राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर .४५५ ची वेब्ली रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत पोचली, पण त्यांचं काडतूस तिथे सहज मिळेना, म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून त्यांत .४५ ची पिस्तुलाची काडतुसं बसवली गेली. आजचे संग्राहक अशा वेब्लीला बिघडवलेली म्हणतात आणि कमी मोल देतात. मला ते पटत नाही. आणि स्वतंत्र भारतात .३८० आणि .४५५ ही लष्करी मापं सामान्य माणसाला बंद झाली, म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, वेब्लीच्याच घराण्यातलं रिव्हॉल्व्हर .३२ चं निघालं. प्रत्येक वेळी काडतूस पुढे आणि लोखंड त्याच्या मागे.

पण तुम्ही खोलीतच राहा. मिस्त्रींनी हत्यार शिकंज्यात धरलंय. शिकंज्याच्या जबड्यांना शिशाचं अस्तर आहे, म्हणजे लोखंडाला चरा पडत नाही. समोर चौदा-पंधरा पेचकस मांडलेत. स्क्रूची खाच पाहायची, एक पेचकस उचलायचा, लावून पाहायचा, खाली ठेवायचा. कोणताच बसत नाही. मग ते एका पेचकसाचं टोक कानशीवर चार-पाच वेळा ओढतात, पुन्हा लावतात. आता तो खाचेत असा बसतो की उलटा धरला तरी पडणार नाही. सैल पेचकस घसरला की शेजारच्या लोखंडावर पांढरा ओरखडा उठतो, तो आयुष्यभर राहतो. स्क्रूवर रॉकेलचे दोन थेंब पडतात. "रातभर मुरू दे," मिस्त्री म्हणतात, आणि त्याला हातही लावत नाहीत.

नळीचं काम मात्र आताच. काळ्या दारूची जळकी काजळी ओल ओढते, आणि घाटकोपरच्या हवेत ओल केवढी ते तुम्हाला ओठांनी सांगितलंय. नळीतून उकळतं पाणी ओततात तेव्हा नाक मागे घ्या. सडक्या अंड्यांचा वास येईल. शेवटचा बार कुणी आणि कशावर काढला असेल कोण जाणे, पण त्याची घाण अजून आत होती. पहिलं पाणी काळं निघतं, दुसरं करडं, तिसरं चहासारखं. तापलेली नळी स्वतःच वाळते, त्यावर तेलाचा हात.

आबा बराच वेळ गप्प आहेत. खालून ऐरणीचा घण ऐकू येतोय. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवलीय आणि कपाळावरचा घाम पुसलाय.

"चाकावर किती वेळ लागेल?"

"दुपारला घिऊन जावा."

"आणि आहे तसं ठेवून?"

मिस्त्री बोटांवर मोजतात. स्क्रू मुरवायचे. आतल्या कमानी धुवायच्या. गंज पितळेच्या पातीने, तेलाखाली, हळूहळू खरवडायचा, खालचा काळसर रंग न दुखावता. सिलिंडरचं प्रत्येक घर नळीसमोर नेमकं थांबतं का ते तपासायचं. "पंदरा दिस. पैसं जास्ती पडत्याल."

"पाऊस आधी येईल."

"येऊ दे की. हितं ऱ्हाईल त्ये, कोरड्यात."

आबा परवाना काढतात. मिस्त्री वहीत क्रमांक उतरवतात, माप उतरवतात, .४५०, आणि पुढे तुमच्यासमोर लिहितात: झाकणासह. आबा सही करतात. मिस्त्री तुमच्याकडे वळतात, कापडाची चिंधी गुंडाळलेला लाकडी गज पुढे करतात. रिकामे हात त्यांना या खोलीत चालत नाहीत.

"मधोमध धरा, पाव्हणं. नळीच्या तोंडाला घासू द्यायचा न्हाई."