बडोद्याची ग्रंथालये अमेरिकेची देणगी?

सयाजीराव गायकवाडांविषयी एक मत प्रतिष्ठित होऊन बसले आहे. महाराजांनी 1906 मध्ये अमेरिका पाहिली, तिथल्या शाळा आणि वाचनालये पाहून ते भारावले आणि परतल्यावर तेच त्यांनी बडोद्यात उभे केले, असे ते मत. त्याची बाजू दुबळी नाही. संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले ते त्याच 1906 साली. चारच वर्षांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन बडोद्यात दाखल झाले. राजपुत्र जयसिंगराव हार्वर्डला शिकले. एवढा पुरावा समोर असताना आणखी काय हवे?

तारखा हव्यात. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी अमरेलीत सुरू केला 1893 मध्ये, म्हणजे अमेरिकेला जाण्याच्या तेरा वर्षे आधी. 1906 चा निर्णय हा त्या प्रयोगाचा विस्तार होता. दोन गोष्टी एकाच साली घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते काय? शिवाय ज्या देशाकडून हा धडा घेतला म्हणतात, त्या देशातल्या मिसिसिपी राज्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला 1918 मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर बारा वर्षांनी. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आता ग्रंथालये. इथे अमेरिकेचे ऋण खरे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग, पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके, मध्यवर्ती ग्रंथालयाची शिस्त या सगळ्यांवर बॉर्डन यांचा ठसा आहे. पण वाचनाची भूक त्यांनी जागवली नाही. शिक्षक मोतीभाई अमीन यांची मित्रमंडळ-वाचनालये बॉर्डन येण्यापूर्वीच गावांतून चालू होती. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला तो महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांवर. आणि पैशांची रचना? गावाने वर्गणी काढावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. अमेरिकेत तेव्हा गावोगाव कार्नेगींच्या देणगीतून इमारती उठत होत्या. अटलांटातली अशीच एक इमारत 1902 मध्ये उघडली, ती कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवूनच. महाराजांनी जे दिसले ते सगळे उचलले असते, तर हेही उचलायचे होते!

खुद्द बॉर्डन यांनीही ग्रंथांच्या वर्गीकरणाची ड्यूईची दशांश पद्धत जशीच्या तशी लादली नाही. ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण रचले. नक्कल करायला आलेला माणूस हा खटाटोप कशाला करील? मालकाला तयार माल नको होता, हाच याचा अर्थ.

बॉर्डन 1913 मध्ये मायदेशी परतले. चळवळ उसनी असती, तर ती त्यांच्यामागोमाग आटली असती. ती त्यांच्या जागी आलेल्या कुडाळकरांच्या हाती गेली आणि वाढतच राहिली. 1919 मध्ये त्यांनी तिच्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. आणि बॉर्डन परतले त्याच 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अमेरिका-ऋणाच्या वहीत ही रक्कम कोणत्या बाजूला मांडायची, ते प्रतिपक्षाने सांगावे.