गोंदिया जिल्ह्यातील चराऊ कुरणांचे तणनियंत्रण

गोंदिया जिल्ह्यातील चराऊ कुरणांचे तणनियंत्रण या विषयात महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील या जिल्ह्यात गावाच्या चराईखाली असलेल्या गायरान, झुडपी जंगल, तलावकाठ व पडीत जमिनींवरील गुरांना निरुपयोगी किंवा अपायकारक वनस्पती आटोक्यात आणण्याच्या पद्धतींचा समावेश होतो. हाताने उपटणे, कापणी, मुळासकट खोदून काढणे, जैविक नियंत्रण, गवताची पुनर्लागवड आणि तणनाशकांचा वापर या त्यांतील प्रमुख पद्धती होत. कुरणात तणनाशक वापरताना शेतापेक्षा वेगळे प्रश्न उभे राहतात. तेथे गवत हेच पीक असते, ते जनावरे थेट खातात आणि त्याच जमिनीतून माणसे भाजी, फुले व पाने गोळा करतात.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत. धान हे मुख्य पीक असून पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पावसाळ्यात बांध्या धानाखाली असतात. त्यामुळे गुरांना गावाजवळचे गायरान, तलावाचा काठ व जंगल एवढाच आधार उरतो. धान निघाल्यावर जनावरे बांध्यांत मोकळी सोडली जातात व उन्हाळ्यात त्यांचे पोट मुख्यतः तणसावर भरते. वर्षातले हिरव्या चाऱ्याचे मोजके महिने ज्या जमिनीवर अवलंबून असतात, तीच जमीन तणांनी सर्वाधिक ग्रासलेली आहे.

मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांना चराई, सरपण व इतर गरजांसाठी निस्तार हक्क होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर अशा जमिनी शासनाकडे आल्या. त्यांतील बराच भाग महसूल नोंदींत ‘झुडपी जंगल’ म्हणून दाखवला गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांपुरती ही संज्ञा मर्यादित आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वनजमिनीच ठरतात असा निकाल दिला. तणनियंत्रणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, गावाला जे गायरान वाटते ते अनेकदा कायद्याने वन असते, आणि तेथे फवारणी करण्याचा निर्णय एकट्या ग्रामपंचायतीच्या हाती नसतो.

प्रमुख तणे

तरोटा (पश्चिम महाराष्ट्रात टाकळा) पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि जुलैअखेर गुडघाभर वाढून गवत झाकून टाकतो. ताजा तरोटा गुरे सहसा खात नाहीत. माणसे मात्र खातात. मृगाच्या सरींनंतरची कोवळ्या तरोट्याची भाजी या भागात आवडीने केली जाते आणि हिवाळ्यात त्याच्या बिया गोळा करून विकल्या जातात. म्हणून तरोटा हा गुराख्याच्या दृष्टीने तण, तर भाजी व बिया वेचणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने उपयोगी वनस्पती ठरतो.

गाजरगवत भारतात प्रथम पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास नोंदले गेले. एका झाडापासून दहा हजारांहून अधिक बिया तयार होतात. ते गुरांनी खाल्ल्यास दुधाला कडवट वास येतो आणि माणसांच्या त्वचेवर व श्वसनमार्गावर त्याचा दुष्परिणाम होतो. गाजरगवताची जागा घेण्यासाठी तरोट्याचे बी फेकण्याची शिफारस तज्ज्ञ करतात. रस्त्याच्या कडेला ती उपयुक्त आहे, परंतु चराऊ कुरणात ती जशीच्या तशी लागू करणे म्हणजे गुरे न खाणाऱ्या एका तणाच्या जागी दुसरे आणणे होय.

घाणेरी किंवा टणटणी ही अमेरिका खंडातील झुडूपवर्गीय वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली. जंगलाच्या कडेला तिची दाट जाळी होते व खाली गवत उगवत नाही. तिच्या पानांतील लँटाडीन या द्रव्यांमुळे गुरांच्या यकृताला इजा होते, कावीळ होते, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या जनावराच्या नाकपुडीभोवतालची व फिकट रंगाची कातडी सोलवटून निघते. चारा मुबलक असताना जनावर घाणेरीला तोंड लावत नाही. विषबाधा बहुधा टंचाईच्या दिवसांत किंवा नव्या मुलखातून आणलेल्या जनावरांना होते. रानतुळस हे उग्र वासाचे, पावसाळी व विरळ जंगलात झपाट्याने पसरणारे तण असून गुरे ते टाळतात.

बेशरम ही वनस्पती कुंपणासाठी लावली गेली आणि तलावांच्या काठी पसरली. तुटलेल्या फांदीच्या तुकड्यापासूनही ती पुन्हा फुटते. शेळ्यांना तिची चटक लागू शकते व दीर्घकाळ खाल्ल्यास मज्जासंस्थेचे विकार होतात. जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांच्या (मामा तलाव) काठावरील उन्हाळी चराईची जागा तिने व्यापली आहे.

तणनाशकाची निवड

गवताळ कुरणात पहिला प्रश्न असतो तो निवडकतेचा. २,४-डी हे निवडक व आंतरप्रवाही तणनाशक आहे. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे काम करून रुंद पानांची तणे वेडीवाकडी वाढवून मारते व गवताला सहसा इजा करत नाही. गाजरगवत व तरोटा यांवर ते कोवळ्या अवस्थेत परिणामकारक ठरते. मात्र ‘रुंद पानांचे’ या शब्दात कुरणातील स्टायलो, रानमूग यांसारख्या उपयोगी शेंगवर्गीय वनस्पतीही येतात व त्या तणाबरोबर मरतात. ज्या कुरणात स्टायलो पेरला आहे तेथे २,४-डीची सरसकट फवारणी करू नये. गवत राखून गाजरगवत मारण्यासाठी मेट्रिब्युझीन हा दुसरा पर्याय सांगितला जातो.

ग्लायफोसेट हे बिननिवडक आहे. ज्या हिरव्या पानावर ते पडेल ती वनस्पती, गवतासकट, मरते. कुरणात त्याचा सरसकट फवारा मारल्यास जमीन उघडी पडते आणि पुढच्या पावसात त्या मोकळ्या जागेवर सर्वांत आधी गाजरगवतच उगवते. त्याचा योग्य उपयोग घाणेरीसारख्या झुडपाच्या ताज्या कापलेल्या खुंटावर ब्रशने लावण्यापुरता किंवा नव्या फुटव्यावर नेमक्या फवाऱ्यापुरता आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली.

पॅराक्वाट हे स्पर्शजन्य आहे. ते वरची पाने करपवते, पण बहुवार्षिक तणांची मुळे जिवंत राहतात. माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. सामाईक चराईच्या जमिनीत ते वापरण्यासारखे नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमध्ये कुरणांसाठी अमिनोपायरॅलिड, पिक्लोरॅम, ट्रायक्लोपायर अशी खास तणनाशके प्रचलित आहेत. अमिनोपायरॅलिड जनावराच्या पोटातून न विघटता शेणात उतरते. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अशा शेणखतामुळे बागांतील बटाटे, टोमॅटो व शेंगवर्गीय भाज्या विकृत झाल्या व त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जेथे कुरणात चरलेल्या गुरांचे शेण थेट शेतात जाते, तेथे परदेशी शिफारशी उचलण्यापूर्वी हा अनुभव ध्यानात घ्यावा लागतो.

भारतात तणनाशके कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कक्षेत येतात. कोणते औषध कोठे वापरावे हे नोंदणीवेळी ठरते व लेबलावर छापलेले असते. चराऊ कुरण हा स्वतंत्र वापर भारतीय लेबलांवर सहसा आढळत नाही. ‘पिकाविना जमीन’ या सदराखाली जे येते तेवढेच उपलब्ध असते, आणि त्या सदरात चरणाऱ्या जनावराचा विचार केलेला असेलच असे नाही.

फवारणीची वेळ व मात्रा

वार्षिक तणांवर फवारणी दोन ते चार पानांच्या अवस्थेपासून फुलोऱ्यापूर्वीपर्यंत उपयोगी असते. जिल्ह्यात हा काळ साधारणपणे जूनअखेर ते जुलै असा येतो. नेमका हाच काळ सलग पावसाचा असतो. फवारणीनंतर किमान सहा तासांची उघडीप मिळाली नाही तर औषध धुऊन जाते. घाणेरीसाठी पावसाळ्याच्या अखेरीस, पाने हिरवी असताना काम केल्यास औषध मुळापर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात सुकलेल्या झुडपावर ते वाया जाते.

पाण्याची निवडही महत्त्वाची आहे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते. त्यामुळे तलावातील किंवा बोडीतील गढूळ पाण्यात मिसळल्यास त्याचा परिणाम बराच कमी होतो. ‘औषध नकली निघाले’ या तक्रारीमागे काही वेळा हेच कारण असते. स्वच्छ विहिरीचे पाणी वापरावे.

मात्रा काढण्यापूर्वी पंपाचे प्रमाणीकरण करतात. १० मीटर × १० मीटर जागा आखून तेथे नेहमीच्या चालीने साध्या पाण्याची फवारणी करावी व किती पाणी लागले ते मोजावे. ५ लिटर लागल्यास हेक्टरी ५०० लिटर पाणी लागेल. समजा, लेबलानुसार हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक द्यावयाचा आहे व भुकटीत तो ८० टक्के आहे. तर १,२५० ग्रॅम भुकटी लागते. ५०० लिटरमध्ये ती प्रतिलिटर २.५ ग्रॅम आणि १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ३७.५ ग्रॅम पडते. हा हिशेब न करता बाटलीच्या झाकणाने मोजण्याची पद्धत सर्रास आहे. जाड फवारा देणारे पंख्याच्या आकाराचे नोझल लावून, वारा नसताना सकाळी फवारणी करावी.

वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांचा धोका या जिल्ह्यात विशेष आहे, कारण बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर असते आणि धान उभे असतानाच त्यात लाखोळी, जवस किंवा इतर कडधान्य फेकून पेरले जाते. २,४-डी या पिकांना अत्यल्प प्रमाणातही घातक आहे. त्याचे एस्टर रूप उन्हात बाष्प होऊन दूरवर जाते. म्हणून क्षार रूप अधिक सुरक्षित समजले जाते. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी तोच कीटकनाशकासाठी वापरू नये.

जनावरे, पाणी व वनोपज

फवारलेल्या कुरणात जनावरे केव्हा सोडावीत याची मुदत लेबलावर असल्यास ती काटेकोरपणे पाळावी. औषधाच्या विषारीपणाखेरीज आणखी एक कारण त्यामागे आहे. २,४-डी फवारल्यावर कोमेजणाऱ्या वनस्पतीत साखरेचे प्रमाण वाढू शकते व एरवी टाळलेले विषारी तण जनावरे आवडीने खाऊ लागतात. म्हणजे फवारणीनंतरचे काही दिवस विषबाधेच्या दृष्टीने आधीपेक्षाही धोक्याचे असतात. तण पूर्ण वाळेपर्यंत जागा बंद ठेवावी लागते. सामाईक गायरानात, जेथे गावभरची गुरे आखरावरून एकत्र सुटतात, तेथे अशी बंदी गुराख्याला व सर्व पशुपालकांना आधी सांगितल्याशिवाय पाळली जाणे अशक्य आहे. दवंडी, सूचनाफलक व फवारणीचे क्षेत्र दाखवणारी खूण यांचा खर्च औषधाच्या खर्चातच धरला पाहिजे.

हीच काळजी माणसांच्या बाबतीतही लागू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले जमिनीवरून वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपाने तोडली जातात, जून-जुलैत रानभाज्या खुडल्या जातात. तरोट्यावर फवारणी योग्य ठरणारी अवस्था आणि तो भाजीसाठी खुडण्याची अवस्था जवळजवळ एकच आहे. त्यामुळे वस्तीजवळच्या जमिनीत तरोट्यासाठी तणनाशक न वापरता फुलोऱ्याआधी कापणी करणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो. एकदा कापून भागत नाही. खालून फुटवे येतात व दुसरी कापणी लागते.

तलावकाठावरील बेशरमीवर फवारणी करणे मासेमारी, गुरांचे पिण्याचे पाणी व सिंचन या तिन्ही दृष्टींनी अयोग्य आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहभागाने ही वनस्पती मुळासकट काढून तलावाचे तळ नांगरले आणि तेथे स्थानिक पाणवनस्पती लावल्या. उपटलेले तुकडे पाण्यात न टाकता कोरड्या जागी वाळवणे आवश्यक असते.

अभयारण्यांच्या हद्दीत वन्यजीवांना अपाय करू शकणाऱ्या रसायनांच्या वापरास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३२ नुसार मनाई आहे. जिल्ह्यातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. त्यातील अभयारण्यांत रानतुळस व घाणेरी यांचे निर्मूलन हाताने किंवा अवजारांनीच करावे लागते.

फवारणी करणाऱ्याची सुरक्षितता

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती औषधे प्रामुख्याने कपाशीवरील कीटकनाशके होती, तरी उघडे अंग, उंच वाढलेले पीक व उलट्या वाऱ्यातील काम ही कारणे तणनाशकालाही लागू पडतात. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट व चष्मा वापरावा. रिकामे डबे घरगुती वापरात घेऊ नयेत.

रासायनिक नसलेल्या पद्धती

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत वनविभागांत परिचित आहे. तीत झुडपाचे मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटीमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवतात, त्यामुळे ते पुन्हा रुजत नाही. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरा हा कीटक वापरतात. त्याची भारतात आयात १९८३ मध्ये झाली. पावसाळ्यात तो पाने खाऊन झाडे निष्पर्ण करतो, मात्र कोरड्या महिन्यांत जमिनीत सुप्त राहतो. जबलपूर येथील तण संशोधन संस्थेतर्फे ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो.

तण काढलेल्या जागी मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांचे बी पावसाच्या सुरुवातीस पेरून किमान एक हंगाम चराई बंद ठेवतात. क्षेत्राचे भाग पाडून आळीपाळीने बंदी घातल्यास गावाला चाऱ्याची पूर्ण अडचण होत नाही. अतिचराईमुळे गवताची मुळे दुर्बळ झालेली असतील तर कोणतेही तणनाशक टिकाऊ परिणाम देत नाही. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना चराईचा हक्क व वनसंसाधनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार असल्याने, अशी बंदी ठरवण्याचे काम त्या स्वतः करू शकतात. तांत्रिक सल्ल्यासाठी हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि झांशी येथील भारतीय चराई व चारा संशोधन संस्था उपलब्ध आहेत.