शेतकरी कामगार पक्ष आणि १९५७ ची लाट : एका रूढ समजाची छाननी

शेतकरी कामगार पक्षाविषयीं असा समज रूढ झाला आहे कीं, १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेनें या पक्षास अकस्मात् मोठें केलें आणि लाट ओसरतांच तो पूर्वस्थितीस गेला. आधारादाखल दोन आंकडे पुढें केले जातात : मुंबई विधानसभेंत १९५२ सालीं या पक्षाचे १४ सभासद निवडून आले व १९५७ सालीं ३१. आंकडे दोन्ही खरे आहेत. त्यांची तुलना मात्र खरी नाहीं, असें आमचें मत आहे. एकाच परगण्याचें नांव दोन काळांत दोन निरनिराळ्या मुलखांस लागलेलें दप्तरांत ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं.

१९५२ चें मुंबई राज्य गुजरातेपासून कानडी जिल्ह्यांपर्यंत पसरलेलें होतें. मराठवाडा व विदर्भ त्यांत नव्हते. १९५६ च्या पुनर्रचनेनें हे दोन्ही भाग त्यास जोडले गेले व कानडी जिल्हे निघाले. १९५२ सालीं याच पक्षाचे हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेंत १० आणि मध्य प्रदेशांत २ सभासद होते. तेव्हां १९५७ च्या ३१ शीं ताडून पाहण्याजोगा आंकडा १४ नव्हे, स्थूलमानानें २६ होय. समितीच्या जागावाटपामुळें विरोधी मतांची फाटाफूट टळली, ही गोष्ट जमेस धरली म्हणजे लाटेची देणगी दिसते त्याहून बरीच लहान ठरते.

१९६२ सालीं महाराष्ट्राच्या २६४ जागांपैकीं पक्षास १५ च मिळाल्या, ही घसरण खरीच. परंतु १९६७ सालीं समितीची एकजूट राहिली नसतां हा आंकडा १९ वर गेला, याची उपपत्ति लाटेच्या सिद्धांतानें लागत नाहीं. १९६२ पासून १९७२ पर्यंत कृष्णराव धुळप व पुढें १९७७ पर्यंत दि. बा. पाटील हे विधानसभेंत विरोधी पक्षनेते होते. यांतील शेवटच्या पांच वर्षांस आरंभ झाला तेव्हां पक्षाचे सभासद अवघे ७ होते!

मग हीं मतें होतीं कोणाचीं? संस्थापकांचीं म्हणावीं, तर संस्थापक राहिले कोठें? १९४७ सालीं काँग्रेसच्या पोटांतच केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनीं संघ उभारला व पुढच्याच वर्षीं तो वेगळा पक्ष झाला. १९५० सालीं दाभाडी येथें मार्क्स-लेनिनच्या मताचा प्रबंध पक्षानें स्वीकारला. १९५२ सालीं मोरे सोलापुरांतून लोकसभेवर गेले. परंतु जेधे १९५४ सालीं काँग्रेसमध्यें परतले व १९५७ सालीं तिच्याच तिकिटावर बारामतीहून निवडून आले. आणि मोरे यांनीं १९६२ सालीं पुण्याची जागा जिंकली, तीहि काँग्रेसचीच. त्याच निवडणुकींत सांगोल्यास गणपतराव देशमुख पक्षातर्फे प्रथम निवडून आले. पुढारी गेले, गांवें राहिलीं, एवढाच याचा अर्थ.

कुलाबा जिल्ह्याचें उदाहरण अधिक बोलकें आहे. अलिबागेजवळील चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें, व तो संप सहा वर्षें चालला. पक्ष जन्मास आला त्यापूर्वीं चौदा वर्षें ही घटना घडली आहे. नारायण नागूंचे पुत्र दत्ता पाटील पुढें त्याच भागांतून पक्षाचे आमदार झाले. आमच्या मतें तेथें खटाऱ्याच्या निशाणीवर पडलेलें मत हें दाभाडीच्या प्रबंधास नव्हे, तर चरीच्या संपास पडलेलें मत होतें. प्रबंध वाचणारे थोडे. खोताचा वाडा सर्वांनीं पाहिलेला.

१९७७ सालीं पक्षाचे पांच खासदार निवडून आले. कुलाबा, नांदेड, परभणी, लातूर व कोल्हापूर या जागा नकाशावर मांडल्या, तर पक्षाचीं जुनीं ठाणींच दिसतात. अर्थात् ही जनता लाटेच्या वर्षाची निवडणूक होती, हें विसरून चालणार नाहीं.

येथें संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. छापील निकालांत जिंकणाराचें नांव व मतें मिळतात. तीं कां पडलीं, हें मिळत नाहीं. तें हस्तपत्रकांत, गांवसभांच्या टांचणांत, कुळांच्या दाव्यांच्या नकलांत असतें. हे कागद शंभर वर्षांचे झाले नाहींत म्हणून रद्दींत जातात, व शंभर वर्षांनीं त्यांची किंमत कळते. मोडी दप्तराइतकीच काळजी यांची घ्यावी.

उतरत्या काळाचे आंकडे थोडक्यांत देतों : १९७८ व १९८५ सालीं १३-१३, १९९९ सालीं ५, २००९ सालीं ४, २०१४ सालीं ३. गणपतराव देशमुख १९७२ व १९९५ सालीं पराभूत झाले, तरी १९७४ ची पोटनिवडणूक धरून ते एका सांगोल्यांतूनच अकरा वेळां निवडून आले. अकरावी खेप २०१४ ची. २०१९ सालीं त्यांचे नातू अवघ्या ७६८ मतांनीं हरले, आणि ज्या जिल्ह्यांत चरी आहे, तेथेंहि पक्षास एकहि जागा राहिली नाहीं. सबंध राज्यांत नांदेड जिल्ह्यांतील लोहा तेवढें मिळालें. २०२४ सालीं पुन्हां एकच जागा मिळाली, ती सांगोल्याची. तेथें निवडून आलेले बाबासाहेब देशमुख हेहि गणपतरावांचे नातूच होत. अलिबाग, पेण व उरण या ठाण्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागेल, व तो अलिबागेकडील कागद पुढें आल्यावांचून मांडतां येणार नाहीं.