एकही जनावर सुटू नये? बुळकांडीचा विजय आणि जंतांचं उलटं गणित



जनावरांच्या रोगांवर पीएचडी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी औषधाचं नाव ठरवतात आणि मग प्रश्न शोधतात. अमुक औषध, तमुक जंत, एवढे टक्के परिणाम. असा सिनॉप्सिस मंजूर होतो, पण त्यात एक गोष्ट निसटते. आज आपण औषध ज्या पद्धतीने देतो, ती पद्धत आली कुठून? हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि औषधप्रतिकार समजून घ्यायचा असेल तर तो टाळता येत नाही. या लेखात बीड जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून आपण तोच प्रश्न सोडवून बघू.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. विषाणूंविरुद्धच्या लढाईने आपल्याला "एकही जनावर सुटू नये" ही सवय लावली. लसीसाठी ती योग्य होती. तीच सवय जंतनाशकाला लावली की औषध लवकर निकामी होतं. आणि बीडसारख्या दुष्काळी भागात ते आणखी लवकर होऊ शकतं.

बुळकांडीने काय शिकवलं

बुळकांडी म्हणजे गाई-म्हशींचा विषाणूजन्य रोग, इंग्रजीत रिंडरपेस्ट. ताप, तोंडात व्रण, मग जीवघेणी हगवण. एकदा कळपात शिरला की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. ज्या काळात बैल म्हणजे नांगर, मोट आणि गाडी होती, त्या काळात बैल मेला म्हणजे पुढचा हंगामही गेला.

ब्रिटिश सरकारने या साथींची चौकशी करायला आयोग नेमला. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेला आणि गाईगुरांसाठी त्याची तीव्रता कमी केली. त्यातून भारतातली पहिली मोठ्या प्रमाणावर वापरता येणारी जिवंत लस मिळाली.

इथे तुमच्या कामाची एक सूचना. बीडचा जुना इतिहास मुंबई इलाख्याच्या कागदांत शोधत बसू नका. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि इंग्रजी कागदांत त्याचं नाव 'भीर' असं येतं. संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८४ पासून उर्दू होती. त्यामुळे कागद बघायचे तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावं लागेल, आणि सोबत उर्दू वाचणारा माणूस हवा. मराठवाड्यातल्या रोगांचा इतिहास लिहायला माणसं पुढे येत नाहीत, त्याचं एक साधं कारण हेच आहे.

स्वतंत्र भारतात १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत देशातल्या ८० टक्के गाई-म्हशींना लस टोचायची, असं उद्दिष्ट होतं. गावोगाव शिबिरं भरली, जनावरं रांगेत उभी राहिली, रजिस्टरं भरली. रोग खूप कमी झाला, पण गेला नाही. दक्षिणेच्या पठारावर तो टिकून राहिला. १९९२ नंतर धोरण बदललं. सरसकट टोचणीवरचा भर हळूहळू कमी करून रोग नेमका कुठे उरलाय याचा शोध सुरू झाला. गावात जाऊन विचारायचं, दवाखान्याच्या नोंदी चाळायच्या, जनावरांच्या वाहतुकीचे रस्ते तपासायचे. शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला. २००६ मध्ये भारत या संसर्गापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये सगळं जग. देवी रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

हे जमलं का? कारण बुळकांडीच्या विषाणूचा प्रतिरक्षेच्या दृष्टीने एकच प्रकार होता. एकदा लस घेतलेलं किंवा आजारातून उठलेलं जनावर जन्मभर सुरक्षित राहायचं. बरं झालेलं जनावर विषाणू लपवून फिरत नव्हतं. अशा शत्रूपुढे जितकी जास्त जनावरं सुरक्षित, तितका विषाणूचा मार्ग बंद.

जंतांचं गणित उलटं का?

आता मेंढीच्या जठरात या. हिमोंकस कंटॉर्टस हा रक्त पिणारा गोलकृमी तिथे राहतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. वाटतं किती कमी! पण हजार जंत असले की रोजचं ५० मिलिलिटर रक्त गेलं. मेंढीचे डोळे आतून पांढरे पडतात, जबड्याखाली पाणी धरतं आणि एक दिवस ती चालता चालता बसते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात.

इथे लसीने येते तशी जन्मभराची प्रतिकारशक्ती येत नाही. हाताशी आहे ते जंतनाशक. त्याचा इतिहास बघा. फिनोथायझिन आलं, आणि १९५७ साली अमेरिकेतल्या केंटकीतून त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद आली. १९६१ मध्ये थायबेंडाझोल आलं, १९६४ मध्ये त्यालाही प्रतिकार. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. त्याच्या शोधासाठी कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, पण दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत ते १९८० च्या दशकातच हरायला लागलं होतं. भारतात फिनोथायझिन आणि थायबेंडाझोलला प्रतिकाराची नोंद १९७६ सालची आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे काल-परवा आलेला नाही.

असं का होतं? औषध जंताला प्रतिकार शिकवत नाही. लाखो जंतांत काही आधीपासूनच वेगळे असतात. अल्बेंडाझोलच्या गटातली औषधं जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनातल्या २०० व्या जागेवर फिनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन असलं की औषध नीट चिकटत नाही. एवढा एका अक्षराचा फरक. औषध बाकीच्यांना मारतं आणि या मोजक्यांना मोकळं रान मिळतं.

म्हणून प्रतिकाराचा वेग ठरवणारा प्रश्न असा: औषधाचा स्पर्श न झालेले जंत किती उरले? याला शास्त्रात रेफ्युजिया म्हणतात, म्हणजे औषधापासून बचावलेल्या जंतांची वस्ती. ती गवतावरच्या अळ्यांत असते आणि औषध न दिलेल्या जनावरांत असते. ही वस्ती मोठी असेल तर औषधातून वाचलेले थोडे जंत तिच्यात मिसळून जातात, दुधात पाणी मिसळावं तसे पातळ होतात. ती नसेल तर पुढची पिढी फक्त वाचलेल्यांची.

बघा, लसीचं गणित इथे कसं उलटलं. लसीत सुटलेलं जनावर धोका आहे. जंतनाशकात काही जनावरं मुद्दाम सोडणं हा औषधाचा विमा आहे.

बीडचा उन्हाळा

आता हे बीडला लावू. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या बाजूला मेंढपाळ आहेत, आणि उस्मानाबादी शेळी तर जवळपास गावोगाव. एप्रिल-मे महिन्यांत माळ करपलेला असतो. त्या उन्हात आणि कोरड्या मातीत अंडी-अळ्या फार टिकत नाहीत. म्हणजे गवतावरची वस्ती जवळजवळ शून्य. जंत उरतात ते जनावरांच्या पोटात.

नेमक्या याच वेळी पावसाळ्यापूर्वीची लसीकरणं येतात. आणि लसीच्या आठवडाभर आधी जंतनाशक द्यावं, हा सल्ला तुम्ही कृषी मासिकांत आणि शिबिरांत हमखास वाचला-ऐकला असेल. सल्ल्यामागे चांगलं कारण आहे: जंतांनी पोखरलेलं जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. शिवाय पावसाआधी पोट साफ केलं तर माळावर कमी अंडी पडतात. पण बाहेर वस्ती नसताना सगळ्या कळपाला औषध दिलं, तर पहिल्या पावसानंतर माळावर उतरणारी अंडी फक्त औषधातून वाचलेल्या जंतांची असतात. फायदा आणि धोका दोन्ही एकाच कारणातून येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यात सगळ्या मेंढ्यांना औषध देण्याची शिफारस होती. ती शिफारसच प्रतिकार वाढवते हे तिथल्या संशोधकांना नंतर दिसलं आणि सल्ला बदलावा लागला.

त्यात दोन स्थानिक गोष्टींची भर घाला. पहिली, शेळी. शेळीचं शरीर बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीचाच डोस शेळीला दिला तर तो कमी पडतो, आणि कमी डोस म्हणजे अर्धवट प्रतिकार असलेल्या जंतांना जीवदान. दुसरी, वजन. नजरेने अंदाज घेऊन पाजलं की मोठ्या जनावराला औषध कमी पडतं. मग औषध लागू पडलं नाही की मालक म्हणतो, "औषधच डुप्लिकेट होतं," आणि दुसऱ्या नावाची बाटली आणतो. आत मात्र त्याच गटाचं औषध. चार शेळ्यांवर ज्या बाईचं घर चालतं, तिच्यासाठी ती बाटली हे नुकसानच, आणि शेळी गेली तर वर्षाची जुळवाजुळव गेली.

बैलांबरोबर जाणारे गोचीड

बीडची दुसरी ओळख ऊसतोड. दिवाळीच्या आसपास हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बैलगाडीवाले बैल सोबत नेतात. कारखान्याच्या अड्ड्यावर वेगवेगळ्या तालुक्यांचे बैल शेजारी-शेजारी बांधलेले असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळे आपापल्या गावी परततात.

गुरांवरचा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर साधारण तीन आठवडे राहतो. म्हणजे बैल चालला की गोचीड चालला, आणि त्याच्याबरोबर प्रतिकाराची जनुकंही. आर्सेनिकच्या हौदांना न जुमानणारे गोचीड ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकातच दिसले होते. आपल्याकडे डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला प्रतिकार अनेक राज्यांतून नोंदवला गेला आहे. मोठ्या दुष्काळात चारा छावण्या उघडतात. २०१९ च्या उन्हाळ्यात बीडमध्ये त्या शेकडोंनी होत्या. तिथेही अशीच सरमिसळ होते.

२०२२ चा लंपी आठवतोय ना? विषाणू, आणि पसरवणाऱ्यांत चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड. पुन्हा रांगा, पुन्हा शेळ्यांच्या देवीची लस, आणि ते योग्यच होतं. पण या विषाणूवर नेमकं औषध नव्हतं. व्रणांत होणारा जिवाणूसंसर्ग रोखायला प्रतिजैविकं वापरली गेली, आणि गोचीड मारायला फवारणी झाली. एका विषाणूच्या साथीने दोन वेगळ्या प्रतिकारांवर दाब टाकला. "विषाणू" आणि "औषधप्रतिकार" ही सिनॉप्सिसमधली दोन वेगळी प्रकरणं वाटतात. गोठ्यात ती एकत्र राहतात.

मग तुम्ही काय करू शकता?

सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. औषधाआधी लेंडीतली अंडी मोजा, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजा. घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर संशय घ्यायचा, हा ढोबळ नियम. मीठाचं संपृक्त द्रावण, मॅकमास्टर स्लाइड आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. परभणी आणि उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं जवळ आहेत. दक्षिण आफ्रिकेतली फमाचा पद्धत वाचा: मेंढीच्या खालच्या पापणीचा आतला रंग पाच रंगांच्या तक्त्याशी जुळवायचा आणि फिकट दिसतील त्यांनाच औषध द्यायचं. ती फक्त रक्त पिणाऱ्या जंतापुरती चालते, हे विसरू नका. आणि नुसता पापणीचा रंग बघून कुणाचं जनावर मरणार नाही ना, ही जबाबदारी संशोधकाची असते.

प्रश्न तयार करताना तीन गोष्टी मांडा: औषध कोणत्या महिन्यात दिलं, तेव्हा माळावर गवत होतं का, आणि कळपातली किती जनावरं सोडली. शिबिराच्या रजिस्टरमध्ये "किती जनावरांना दिलं" हा रकाना हमखास असतो, पण हे तीन प्रश्न मेंढपाळाला विचारूनच भरावे लागतील. त्याला वर्षाचा हिशेब पावसावरून नीट सांगता येतो, तारखेवरून विचारू नका.

बुळकांडीचा शेवटचा टप्पा आठवा. १९५४ ते १९९२ आपण टोचत राहिलो. रोग संपला तो नेमका कुठे आहे हे शोधायला लागल्यावर. जंतांच्या बाबतीत ते शोधणं अजून व्हायचं आहे, आणि त्यासाठी पाटोद्याच्या माळावर मे महिन्यात लेंड्या गोळा करणारा विद्यार्थी हवा आहे.