मेजावरचा दूरध्वनी, व्हॉइसमेल एकाच प्रणालीत : तंत्र आणि नियम

बंगळुरू : मेजावरचा दूरध्वनी, व्हॉइसमेल, ईमेल आणि व्हिडिओ बैठका एकत्र आणणाऱ्या व्यवस्थेला ‘युनिफाइड कम्युनिकेशन्स’ अर्थात एकात्मिक संपर्क प्रणाली म्हणतात. ‘किऑनिक्स’ या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने १९७८ मध्ये वसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील कंपन्यांचे काम परदेशी ग्राहकांशी निगडित असल्याने तेथे या व्यवस्थेला विशेष महत्त्व आहे. मात्र भारतात हा प्रश्न केवळ तंत्राचा नसून नियमांचाही आहे.

नियम काय?

परदेशातून कंपनीच्या खासगी इंटरनेट जोडणीवरून आलेला कॉल येथील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यात सोडल्यास आंतरराष्ट्रीय कॉलचे शुल्क बुडते. त्यामुळे ही दोन जाळी एकमेकांपासून अलग ठेवण्याचे बंधन होते. सिस्को कंपनीने आपल्या प्रणालीत त्यासाठी ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ची सोय केली होती.

दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटरसारख्या सेवादात्यांची नोंदणीची अट काढून टाकली. २३ जून २०२१ रोजी ईपीएबीएक्स जगात कोठेही ठेवण्याची, तसेच घरून काम करणाऱ्यांना ब्रॉडबँडद्वारे त्याच्याशी जोडून घेण्याची मुभा देण्यात आली. मात्र अधिकृत दूरसंचार कंपन्यांचे जाळे टाळण्यास मनाई कायम राहिली.

जोडणी कशी होते?

दूरध्वनी संच आणि संगणकीय प्रणाली यांच्यातील संवाद प्रामुख्याने ‘सिप’ या मानकानुसार चालतो. त्याची सध्याची मूळ आवृत्ती २००२ ची आहे. जुन्या ॲनालॉग संचांना अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. व्हॉइसमेलमधील निरोप ध्वनिफीत म्हणून ईमेलवर पाठवता येतो. तो संगणकावर ऐकल्यानंतर संचावरील दिवा विझला पाहिजे. तसे न झाल्यास दोन्ही व्यवस्था पूर्णपणे जुळल्या नाहीत, असे समजावे.

दक्षता कोणती?

जुन्या संचाला टेलिफोन एक्स्चेंजच्या तारेतूनच वीज मिळत असे. आयपी संचाला ती बहुधा कार्यालयातील नेटवर्क स्विचमधून मिळते. त्यामुळे स्विचला यूपीएसचा आधार नसल्यास वीज जाताच दूरध्वनीही बंद पडतात. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने कार्यालयीन क्रमांकावरून ११२ शी संपर्क साधल्यास मदत कार्यालयाच्या पत्त्यावर जाण्याचा धोका संभवतो. अशा वेळी स्वतःच्या मोबाइलवरून कॉल करण्याची सूचना कर्मचाऱ्यांना आधीच देणे आवश्यक ठरते.