स्तनाचा कर्करोग: काहीच दुखत नसताना तपासणी कशासाठी?

‘दुखत तर नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं?’ स्तनात लागलेल्या गाठीकडे अनेक जणी याच कारणाने दुर्लक्ष करतात. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे दुखण्याची वाट पाहणं धोक्याचं ठरतं.

स्क्रीनिंग म्हणजे काय?

कोणताही त्रास नसताना केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. मॅमोग्राफी हा स्तनांचा एक्स-रे असतो. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. दुसरी पद्धत म्हणजे डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी. तिला यंत्र लागत नाही.

हाताने तपासून फरक पडतो का?

हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मोठा अभ्यास सुरू केला. त्यात वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात निदान होण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही.

तपासणी कधी करायची?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हायला हवी. त्यासाठी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला असेल, तर तपासणी कधीपासून आणि कोणती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबू नये?

• स्तनात किंवा काखेत गाठ
• त्वचेवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा
• स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं

यातलं काही दिसलं, तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण याची खात्री तपासणीनंतरच होते आणि गरज पडल्यास त्यासाठी बायोप्सी करतात.