कुळगाव-बदलापूर : एका उपनगराची वाटचाल आणि आपला समाज

यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाच्या दप्तरातील सभासदांच्या पत्त्यांच्या जुन्या वह्या आम्ही काढून पाहिल्या. पहिल्या वहीत गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, परळ आणि दादर याखेरीज दुसरे स्थळ क्वचितच आढळते. मधल्या वह्यांत मुलुंड, ठाणे, डोंबिवली ही नावे दिसू लागतात. अलीकडील वहीत मात्र पानामागून पान एकच नाव वाचावे लागते, ते म्हणजे बदलापूर. कोणी कात्रपला, कोणी बेलवलीस, कोणी मांजर्लीस, कोणी शिरगावास. ज्या गावी आपल्या समाजाची इतकी कुटुंबे राहावयास गेली, त्या गावाची पूर्वकथा आपणांस ठाऊक असावी, आणि तेथे आपले काय चालले आहे याचा विचारही व्हावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

गाव आणि लोहमार्ग

कुळगाव आणि बदलापूर ही मुळात दोन निराळी गावे. आज ज्यास बदलापूर स्थानक म्हणतात ते कुळगावच्या शिवेत आहे. जुने बदलापूर गाव पश्चिमेस उल्हास नदीच्या अंगाला आहे. प्रवासात येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी लोकांत समजूत आहे. ती ऐकावयास गोड आहे; इतिहास म्हणून तिच्यावर फार भार घालू नये. मात्र हा मुलूख प्राचीन आहे यात संशय नाही. शेजारच्या अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा शिलाहारकालीन शिलालेख आहे. पूर्वेस डोंगररांग आणि चंदेरीचा सुळका, पश्चिमेस उल्हास नदी, मध्ये भाताची खाचरे आणि जांभळांची झाडे, असे या भूमीचे रूप होते. आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली व कसली. आपली घरे त्यांच्याच खाचरांवर उभी आहेत, हे आपण विसरता कामा नये.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५४ साली रूळ कल्याणास पोहोचले आणि १८५६ साली कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गेले. १८६३ साली बोरघाट खुला झाला आणि मुंबई पुण्यास जोडली गेली. म्हणजे बदलापूरच्या शिवारातून आगगाडी जाऊ लागली त्यास आता पावणेदोनशे वर्षे होत आली. १९३०च्या सुमारास विजेची गाडीही कल्याण ओलांडून पुण्यापर्यंत गेली. तरीसुद्धा बदलापूर खेडेच राहिले. केवळ रूळ पडल्याने उपनगर होत नाही, हा यातील पहिला धडा होय. गाडी शेकडो गावांवरून जाते. पण महानगरात ज्यांस जागा उरत नाही ती माणसे ज्या गावी उतरतात, ते गाव उपनगर होते.

मुंबईने माणसे का पाठविली?

मुंबईच्या जागेचा प्रश्न जुनाच आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधार-विश्वस्त मंडळ स्थापन झाले, आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती त्यातूनच पुढे आल्या. त्या काळी ज्ञातिसंस्थांनीही या प्रश्नास हात घातला होता. १९१५ साली गावदेवी येथे तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. अल्प वेतनाच्या कारकुनांनी एकत्र येऊन आपले घर उभारावे, ही कल्पना तिने रुजविली. पुढे अनेक समाजांनी तो कित्ता गिरविला.

१९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १९४० सालच्या पातळीवर गोठविलेल्या भाड्याने जुन्या भाडेकरूंस आधार मिळाला, यात शंका नाही. पण नव्या चाळी बांधण्यात मालकांस लाभ उरला नाही. भाड्याची खोली दुर्मिळ झाली आणि पागडीचा व्यवहार सर्वत्र रूढ झाला. चाळीतल्या एका खोलीत तीन भाऊ वाढले. तिघांची लग्ने झाल्यावर दोघांनी जावे कोठे? मालकीची सदनिका घ्यावी तर ती मुंबईत परवडत नाही. मग माणूस गाडीत बसून एकेक स्थानक पुढे जातो आणि जेथे आपली पुंजी पुरते तेथे उतरतो. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. त्या संपानंतर गिरणगावचा संसार विसकटला, आणि आपल्यापैकीही कित्येकांनी परळची खोली देऊन कल्याणपलीकडे घर घेतले.

या स्थलांतराची साक्ष खानेसुमारीचे आकडे देतात. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती घटून सुमारे ३० लाख ८५ हजार झाली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची वस्ती सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली. मूळ शहर आकसले आणि टोकाचे गाव पाऊणपटीहून अधिक वाढले. २०२१ची खानेसुमारी झाली नाही. परंतु त्यानंतर उठलेल्या इमारती ज्याने पाहिल्या आहेत, त्यास ही वाढ थांबली नाही हे सांगावयास आकड्यांची गरज नाही.

पाणी, रूळ आणि पूर

वस्ती आधी आणि सोयी मागाहून, हाच येथील क्रम राहिला आहे. कारभाराचेच पाहा. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका झाली, तीत डोंबिवली व अंबरनाथ यांच्याबरोबर कुळगाव-बदलापूरही घालण्यात आले. १९९२ साली अंबरनाथ आणि बदलापूर त्यातून निघाले आणि कुळगाव-बदलापूरची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे ज्या काळात घरे झपाट्याने वाढली, त्या काळात गावाचा कारभार स्वतःचे पाऊल टाकावयास नुकताच शिकत होता.

पाण्याची कथा याहून बोधप्रद आहे. बदलापूरजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. ते १९७२ साली पूर्ण झाले आणि पुढे त्याची उंची वाढविण्यात आली. त्या धरणाच्या पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील मोठमोठ्या शहरांची व कारखान्यांची तहान भागते. स्वतः बदलापूर मात्र मुख्यत्वे उल्हास नदीच्या बंधाऱ्यावर विसंबून आहे. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी म्हणजे काय, हे आपल्या भगिनींस सांगावयास नको. तथापि, धरण वाढले तेव्हा ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांचा त्याग आपल्या गैरसोयीहून कितीतरी मोठा आहे.

ज्या नदीने पाणी दिले तिनेच इशाराही दिला. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराने वेढली गेली, आणि हजाराच्या आसपास प्रवाशांस बाहेर काढावे लागले. नदीकाठची जमीन स्वस्त का असते, याचे उत्तर या दोन दिवसांत मिळाले. आपले पूर्वज घर बांधताना गावातील म्हाताऱ्यास विचारीत, की पुराचे पाणी कोठवर आले होते? आज आपण केवळ दर विचारतो.

रेल्वेचे म्हणावे तर कल्याण ते बदलापूर दोनच रूळ. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गास २०१९ साली मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी सोडल्यावर बदलापूरचे प्रवासी फलाटावर एकत्र आले, आणि रेल्वेस वाढविलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कित्येकांस हा हट्ट वाटला. परंतु जेथे दर गाडीत उभे राहावयाचीच मारामार, तेथे एक साधी गाडी जाणे म्हणजे शेकडो कुटुंबांचा दिवस विसकटणे होय.

काम कोठे आहे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कल्याणच्या आसपास काम कधी नव्हतेच असे नाही. अंबरनाथचा आगकाड्यांचा कारखाना प्रसिद्ध होता. स्वातंत्र्यानंतर तेथे संरक्षण खात्याचे कारखाने आले. शहाडला आणि मोहन्याला कृत्रिम रेशमाचे कारखाने उभे राहिले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वसाहती डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर येथे वसल्या. त्या पिढीतला कामगार सायकलवर बसून, डबा घेऊन पाळीवर जाई आणि दिवेलागणीला घरी येई. पुढे मोठे कारखाने एकामागून एक क्षीण झाले. मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला आणि हजारो घरांतील चूल मंदावली. बदलापूरच्या वसाहतीत आज रसायनांचे व लहानसहान यंत्रकामाचे कारखाने आहेत. पण वस्तीच्या मानाने ते अपुरे, आणि आपल्या पदवीधर मुलामुलींस त्यांत वाव थोडा.

याचा अर्थ असा, की बदलापूरने घर दिले, पण काम मुंबईतच राहिले. घर आणि काम यांच्यामध्ये सुमारे ६८ किलोमीटरांचा लोहमार्ग पसरला. गाडीत दीड तास धरला तर जाऊन येऊन तीन तास होतात. घरापासून स्थानकापर्यंतचा आणि स्थानकापासून कचेरीपर्यंतचा वेळ निराळाच. वर्षात तीनशे दिवस धरले तर नऊशे तास. तीस वर्षांच्या नोकरीत सत्तावीस हजार तास. अहोरात्र मोजले तर ही तीन वर्षांहून अधिक मुदत होते. आयुष्यातील तीन वर्षे, आणि तीही उमेदीच्या काळातील, आपल्यातील एकेक माणूस गाडीच्या दारात उभा राहून खर्च करतो. सदनिका घेताना आपण मुद्रांकशुल्क मोजले, कर्जाचे हप्ते मोजले. हा हप्ता मात्र कोणी मोजला नाही.

त्याचे परिणाम आपण प्रत्यक्ष पाहत आहोत. उपनगर शांत आहे, हवा चांगली आहे, पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतो, हे सारे खरे. पण ही शांतता दुपारची आहे, आणि कर्ती माणसे गावात नसल्याने ती आहे. दिवसभर गावात उरतात ती वृद्ध माणसे आणि लहान मुले. आई-बाप दोघेही पहाटेच्या गाडीने गेले, की मूल शेजारणीच्या वा आजीच्या स्वाधीन. आजारी वृद्धास दवाखान्यात न्यावयाचे तर घरात हात नाही. आणि एखाद्या हुशार मुलीस मुंबईत नोकरी मिळाली तरी, लग्नानंतर बदलापूरहून जाणे-येणे झेपणार नाही म्हणून ती सोडावी लागते. अशी उदाहरणे आमच्या माहितीत एकाहून अधिक आहेत. हे केवळ कौटुंबिक दुःख नव्हे. समाजाने शिक्षणावर केलेला खर्च असा वाया जातो.

आपले कर्तव्य

या बाबतीत मंडळाकडेही दोष येतो, तो आम्ही कबूल करतो. आपली वार्षिक सभा, हळदीकुंकू, विद्यार्थ्यांचा गुणगौरव हे सारे कार्यक्रम अद्याप मुंबईतच होतात. उपस्थिती घटली म्हणून तरुणांस बोल लावणे सोपे आहे. परंतु आठवड्यातून सहा दिवस जो गाडीत उभा राहतो, त्याने रविवारीही तीच गाडी धरावी अशी अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे. सभासद जेथे गेले तेथे संस्थेने जावयास हवे.

रेल्वे, धरणे आणि कारखाने ही सरकारची कामे. ती एका लहान ज्ञातिसंस्थेच्या आवाक्यातली नाहीत. तथापि १९१५च्या कारकुनांकडे तरी काय होते? त्यांनी राहावयाचे कोठे या प्रश्नास आपसांत उत्तर शोधिले. आपल्या पिढीपुढील प्रश्न काम करावयाचे कोठे हा आहे, आणि त्याचे उत्तरही आपसांतील सहकार्यानेच सुरू होऊ शकेल. आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, शिक्षणनिधीच्या व्याजातून बदलापुरात एक अभ्यासिका चालवावी. सायंकाळी ती विद्यार्थ्यांची असावी आणि दिवसा, ज्यांस कचेरीचे काम घरून करण्याची मुभा आहे, त्यांना तेथे बसता यावे. दुसरी, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्या सभासदांचे कारखाने, दुकाने, दवाखाने वा शिकवण्या आहेत त्यांची एक नोंदवही करावी, आणि जवळचे काम हवे असलेल्यांची दुसरी. दोन्ही वह्या एकाच टेबलावर ठेवल्या तर काही घरांचे तरी तीन तास वाचतील. तिसरी, वृद्ध आणि मुले यांच्यासाठी शेजारच्या सभासदांनी आळीपाळीने दिवस वाटून घ्यावे. चाळीत ही व्यवस्था न ठरविता आपोआप होत असे. सदनिकेत ती ठरवून करावी लागेल.

जे ज्ञातिबांधव नव्याने घर घेऊ इच्छितात त्यांस एवढेच सांगणे आहे : दर विचारा, पण त्याबरोबर पाणी किती दिवसांनी येते, पूर कोठवर चढला होता, आणि घरातल्या प्रत्येकाचे काम किती तासांवर आहे, हेही विचारा.

पत्त्यांच्या पहिल्या वहीत ज्यांची नावे आहेत ते आपले आजे-पणजे कोकण-देशातील घरे सोडून मुंबईस आले, ते काम मुंबईत होते म्हणून. त्यांची नातवंडे मुंबई सोडून बदलापुरास गेली, ती घर तेथे मिळाले म्हणून. घर आणि काम ज्या दिवशी पुन्हा एका गावात येतील, त्या दिवशी ही वाटचाल पुरी झाली असे म्हणता येईल. येत्या वार्षिक सभेत वरील सूचनांचा विचार व्हावा, आणि ती सभा प्रथमच बदलापुरात भरावी, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे.

अलमिति विस्तरेण.